सहा व्होल्टांची जावा

वडिलांची १९६८ सालची जावा २५० आमच्या विजापूर रोडवरच्या घराच्या जिन्याखाली तीन वर्षे उभी होती. ते गेल्यानंतर तिच्यावर झाकलेली चादर मी दोनदा धुऊन पुन्हा टाकली, पण चादरीखालच्या गाडीला हात लावला नव्हता. यंदा मार्चमध्ये ती रस्त्यावर आणायचे ठरवले, तेव्हा नवी बॅटरी घालावी, ताजे पेट्रोल भरावे, आठ-दहा किका माराव्यात आणि काम संपवावे, असा माझा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात ते काम पहिला पाऊस पडेपर्यंत चालले, आणि त्यातला निदान महिनाभर मी स्वतःच्या चुकीमुळे घालवला.

वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते. गाडी त्यांनी १९७९ साली जुनी म्हणून विकत घेतली आणि पुढची चाळीस वर्षे ती स्वतःच उघडली, स्वतःच जोडली. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियातली. यानेचेक हे संस्थापकाचे आडनाव आणि वांडरर ही जर्मन कंपनी, या दोन नावांतली सुरुवातीची अक्षरे जोडून १९२९ मध्ये हे नाव तयार झाले. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या निघू लागल्या, पुढे त्यांचे नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे आज दुकानात मिळणारा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग मूळ कारखान्याबाहेर, नंतर कोणीतरी तयार केलेला असतो.

ज्यांनी ही गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. हिला किक आणि गिअर यांसाठी एकच दांडा आहे. तो आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, आणि इंजिन सुरू झाल्यावर खाली आणला की तोच गिअरचा दांडा. दुसरी गोष्ट चावीची. हेडलाइटच्या वर एक भोक असते आणि चावी म्हणजे त्यात दाबून बसवायची एक गोल काडी. सोलापुरात कितीतरी जावा खिळा खुपसून चालवल्या गेल्या आहेत. वडिलांच्या खिशातही चावी हरवेल म्हणून एक घासलेला खिळा असायचाच. या भोकाकडे मी फार उशिरा पाहिले, पण एका दुखण्याचे मूळ तिथेच होते.

पहिले काम पेट्रोलचे होते आणि ते सोपे निघाले. टाकीतले जुने पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवले, तर सकाळी बाटलीच्या तळाशी बोटभर उंचीचा वेगळा, गढूळ थर बसला होता आणि वर पातळ पिवळसर पेट्रोल होते. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, आणि ओल एका मर्यादेबाहेर गेली की पाणी व इथेनॉल मिळून खाली बसतात. ज्या जिल्ह्यात मैलामैलावर उसाचे ट्रॅक्टर लागतात, तिथल्या माणसाने इथेनॉलबद्दल तक्रार करू नये हे खरे; पण तीन वर्षे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते ठेवूही नये. टाकी दोनदा धुतली, नळाखालची वाटी साफ केली आणि कार्बोरेटर उघडला. मंद गतीसाठी असलेल्या बारीक जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या भोकाच्या तुकड्यातून, आरपार उजेड दिसत नव्हता. त्यात तार घातली असती तर भोक मोठे झाले असते, म्हणून जेट थिनरमध्ये भिजत ठेवला आणि सायकलच्या पंपाने हवा मारून मोकळा केला. नवे पेट्रोल लिटरला ४० मिलिलिटर ऑइल मिसळून भरले, टिकलर, म्हणजे कार्बोरेटरवरचे छोटे बटण, दाबून त्यात पेट्रोल वर येऊ दिले आणि चौदाव्या किकला गाडी सुरू झाली. सगळा जिना पांढऱ्या धुराने भरला. आई बाहेर येऊन काही न बोलता उभी राहिली आणि मग खिडक्या लावायला आत गेली.

त्याच उत्साहात मी नवा प्लग, नवे पॉइंट आणि नवा कंडेन्सर असे तिन्ही भाग एकाच दिवशी बसवले. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठीचा प्रवाह जोडणारी-तोडणारी धातूची जोडी, आणि कंडेन्सर म्हणजे तो प्रवाह झटक्यात तुटावा म्हणून त्यांना जोडलेला छोटा भाग. जुन्यांत काही दोष आहे का, हे मी तपासले नाही. जुने आहेत एवढाच त्यांचा गुन्हा होता.

त्यानंतर गाडीने खेळ सुरू केला. कधी ती सकाळी तिसऱ्या किकला सुरू होई, कधी तीस किका मारूनही नाही. ढकलून दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की मात्र बहुतेक वेळा सुरू होई. दोन गॅरेजांत दाखवली. एका ठिकाणी गाडीला हात न लावताच सांगण्यात आले, की क्रँकचे सील, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरची रबरी कडी, गेले आहे, इंजिन पूर्ण उघडावे लागेल. दुसरीकडे बोअर करून नवा पिस्टन घालण्याचा अंदाज मिळाला. दोन्ही खर्च माझ्या निवृत्तिवेतनाच्या मानाने जड होते, म्हणून मी आधी घरीच शहानिशा केली. क्लचच्या बाजूचे सील गेले असते तर इंजिनाने गिअरबॉक्समधले ऑइल ओढले असते, ऑइलची पातळी उतरली असती आणि धूर थांबलाच नसता. पातळी खुणेवर होती आणि पहिल्या दिवसाचा धूर दोन-तीन फेऱ्यांत विरला होता. पिस्टनचे म्हणाल, तर किकवर मी पूर्ण वजन टाकून उभा राहिलो तरी ती सावकाश खाली जाई; दाब ठीक होता. दुसऱ्या बाजूच्या सीलबद्दल मला तेवढी खात्री नव्हती, पण हवा ओढणारे इंजिन मंद गतीवर असे एकसारखे ठोके देत नाही. इंजिन उघडायचे नाही, हे ठरले.

माझ्या लक्षात यायला हवी होती ती गोष्ट समोरच होती: ढकलल्यावर सुरू होते आणि किकने होत नाही. या गाडीत ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरीतून येते, आणि इंजिनाने थोडा वेग घेतला की डायनॅमो तिच्या मदतीला येतो. ढकलताना चाकांमुळे इंजिन जोरात फिरते, डायनॅमो काही देऊ लागतो. किकने ते जेमतेम दोन-तीन फेरे घेते आणि सगळा भार बॅटरीवर पडतो. म्हणजे बॅटरीपासून कॉइलपर्यंतच्या (ठिणगी पडेल इतके व्होल्ट वाढवणाऱ्या भागापर्यंतच्या) वाटेत कुठेतरी गळती होती. बॅटरी नवी होती, आणि मल्टिमीटर लावला की ६.३ व्होल्ट दाखवत होती. वायरी मी मीटरच्या बीपवर एकेक करून तपासल्या, प्रत्येक ठिकाणी बीप वाजली, आणि वायरिंग निर्दोष आहे असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो.

हा निष्कर्ष चूक होता, हे मला वडिलांचे गिरणीतले एक सहकारी भेटायला आले तेव्हा कळले. ते इलेक्ट्रिक खात्यात वायरमन होते, आता पंचाहत्तरीला आले आहेत, घरी तेलुगू बोलतात आणि आमच्याशी खास सोलापुरी मराठी. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणतो. चहा होईपर्यंत त्यांनी माझी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाले, “मला गाडीतलं काय कळत न्हाई बघ. पण बीप म्हंजे नुसतं दार उघडं हाय, एवढंच. त्यातनं बैलगाडी जाती का न्हाई, ते बीप सांगत न्हाई.”

मग त्यांनी चावी दाबायला लावली, पॉइंट मिटतील अशा स्थितीत इंजिन आणून ठेवायला सांगितले, म्हणजे कॉइलमधून पूर्ण प्रवाह वाहू लागला, आणि मीटरची काळी तार इंजिनाच्या धातूला धरून लाल तार वाटेतल्या प्रत्येक जोडावर टेकवत नेली. मी आकडे वहीत लिहीत गेलो. बॅटरीवर ६.१. फ्यूजच्या पलीकडे ५.८. चावीच्या भोकातून बाहेर पडणाऱ्या वायरवर ४.९. कॉइलवर ४.७. आणि मिटलेल्या पॉइंटवर, जिथे जवळपास शून्य यायला हवे, तिथे ०.३. म्हणजे कॉइलच्या वाट्याला ६.१ पैकी फक्त ४.४ व्होल्ट येत होते. बारा व्होल्टांच्या गाडीत एखादा व्होल्ट हरवला तर फारसे बिघडत नाही. सहा व्होल्टांत एक व्होल्ट म्हणजे सहावा हिस्सा जातो. शिवाय कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे हिशेब केला तर जवळजवळ अर्धी ठिणगी वाटेतच संपत होती. मीटरची बीप अगदी क्षीण प्रवाहावर वाजते, म्हणून तिला हा अडथळा दिसला नव्हता. तीनेक अँपिअर वाहू लागल्यावरच तो उघड झाला.

सर्वांत मोठी गळती, ०.९ व्होल्टांची, त्या चावीच्या भोकात होती. हेडलाइट उतरवून स्विच बाहेर काढला तेव्हा आतल्या पितळी पट्टीवर हिरवट काळा थर होता, आणि बरोबर मधोमध, खिळ्याच्या टोकाने चाळीस वर्षे घासलेली, वाटाण्याएवढी खोलगट चकचकीत जागा. पट्टीची स्प्रिंग इतकी दबली होती, की चावी पूर्ण आत गेली तरी ती जेमतेम टेकत होती. बारीक पॉलिश पेपरने पट्टी घासली, चिमट्याने तिला थोडा बाक दिला. फ्यूजच्या पकडी घासल्या, इंजिन ते चासी अशी अर्थची एक जाड वायर नव्याने टाकली, आणि पॉइंट पुसले. दुकानातून आलेल्या नव्या पॉइंटवर गंज चढू नये म्हणून लावलेला तेलाचा पातळ थर मी बसवताना तसाच ठेवला होता. पुन्हा मोजले तेव्हा कॉइलच्या वाट्याला ५.७ व्होल्ट आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली, आणि त्यानंतर थंड असताना तिने कधीच त्रास दिला नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी तिला तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावापर्यंत नेले. जाताना गाडी सुरेख चालली. तलावाजवळच्या टपरीवर चहा घेऊन दहा मिनिटांनी किक मारली, तर काही नाही. वीस किका झाल्या, शर्ट पाठीला चिकटला, टपरीवाल्याने दुसरा चहा न मागता दिला. दुपारचा एक वाजला होता आणि ऊन असे होते की प्लग काढून हेडला टेकवला तरी ठिणगी आहे की नाही, हे दिसेना. शेवटी डिकीत असलेली सोलापुरी चादर डोक्यावरून इंजिनापर्यंत ओढून घेतली, पेट्रोलचा नळ बंद करून प्लग त्याच्या भोकापासून शक्य तितका लांब धरला, कारण भोकातून येणाऱ्या वाफेपाशी ठिणगी पाडणे हा धोका आहे, आणि चादरीच्या अंधारात टपरीवाल्याच्या मुलाला किक मारायला लावली. ठिणगी होती, पण धाग्यासारखी बारीक आणि पिवळी. थंड असताना तीच निळी, टचटचीत पडत असे. टिकलर दाबल्यावर पेट्रोल लगेच वर येत होते आणि प्लग ओला होता, त्यामुळे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन वाट अडली असावी, ही शंका तिथल्या तिथे मिटली. पंचवीस मिनिटांनी गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात मी हे तीनदा करून पाहिले आणि वेळा लिहून ठेवल्या. चालत्या गाडीत काही होत नसे. बंद केल्यावर पाच मिनिटांच्या आत किक मारली तरी सुरू होई. दहा ते वीस मिनिटांच्या दरम्यान अजिबात नाही. आणि अर्ध्या तासाने पुन्हा ठीक. आधी मला हे उलटे वाटले, कारण बंद केल्यापासून इंजिन थंडच होत जायला हवे. पण चालताना लागणारा वारा थांबला की सिलिंडरमधली उष्णता आजूबाजूला पसरते, आणि उजव्या झाकणाखालच्या बंदिस्त जागेत, जिथे पॉइंट आणि कंडेन्सर बसलेले असतात, तापमान बंद केल्यानंतर काही मिनिटे चढतच राहते.

इथपर्यंत विचार बरोबर होता. मग मी कॉइल बदलली. कारण काय, तर कंडेन्सर नवा होता. कॉइलचे पैसे गेले आणि गाडी हिप्परग्याला पुन्हा तशीच बसून राहिली.

काकांना फोन केला तर म्हणाले, “नवा हाय म्हणून सोडलास व्हय? गिरणीत नवी मोटार आली तरी मेगर लावल्याबिगर आम्ही जोडत नव्हतो.” दुसऱ्या दिवशी ते आपला मेगर घेऊन आले. इन्सुलेशन मोजण्याचे हे यंत्र वायरमन मंडळींच्या रोजच्या वापरातले. साध्या मीटरपेक्षा त्याचे वेगळेपण असे, की ते तपासताना विजेचा मोठा दाब (व्होल्टेज) देते. पॉइंट उघडतात त्या क्षणी कंडेन्सरवर दोन-अडीचशे व्होल्टांचा धक्का येतो, त्यामुळे मल्टिमीटरच्या बॅटरीने त्याची परीक्षा होऊच शकत नाही. मी बसवलेला नवा आणि काढून डब्यात टाकलेला जुना, असे दोन्ही कंडेन्सर त्यांनी आधी माठाच्या बुडाशी गारव्याला ठेवायला सांगितले आणि मग अडीचशे व्होल्टांवर मोजले. दोघांचेही आकडे शेकडो मेगओहमचे, निर्दोष. मग ते गच्चीवर गेले आणि दोन्ही कंडेन्सर पाण्याच्या टाकीवरच्या पत्र्यावर उन्हात मांडून खाली येऊन जेवायला बसले. शेंगाचटणी आणि भाकरी होईपर्यंत पाऊण तास गेला. सोलापूरचे मे महिन्यातले ऊन अशा कामाला कोणत्याही भट्टीइतकेच भरवशाचे आहे. वर गेलो तेव्हा पत्र्याला हात लावता येत नव्हता. काकांनी फडक्यात धरून जुना कंडेन्सर मोजला: आकडा पुष्कळ उतरला होता, पण तीन मेगओहमवर थांबला, आणि तेवढ्याने गाडीचे काही अडत नाही. नव्याला मेगर लावला आणि बटण दाबले, तर आकडा वर चढलाच नाही. शून्य. बटण सोडून पुन्हा दाबले, पुन्हा शून्य.

पॉइंट उघडताना कॉइलमधला प्रवाह एकदम तुटावा लागतो. तो जितका झटक्यात तुटेल तितकी ठिणगी जोरदार. कंडेन्सर नसेल किंवा गळत असेल, तर प्रवाह उघडणाऱ्या पॉइंटच्या फटीतून उडी मारून थोडा वेळ वाहतच राहतो, आणि ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवर पडते. झाकण काढून पाहिले तर पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला तेवढाच उंचवटा तयार झाला होता. अवघ्या दोन महिन्यांत.

कारखान्यात बनलेला मूळ कंडेन्सर आता कुठे शोधणार, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टांचा फिल्म कपॅसिटर आणला. तो इंजिनाच्या उष्णतेत बसवण्याऐवजी टाकीखाली कॉइलच्या बाजूला, पॉइंटकडून येणाऱ्या वायरवर एक टोक आणि अर्थवर दुसरे, असा जोडला. पॉइंट सपाट घासले, फिलर गेजने फट ०.४ मिलिमीटर ठेवली आणि टायमिंग पुन्हा जुळवले. पॉइंट नेमके कधी उघडतात हे पाहायला वडील सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद दोन पॉइंटमध्ये धरून हलकेच ओढत. कागद सुटला तो क्षण खरा. घराघरांतून विड्या वळल्या जाणाऱ्या या गावात तसला कागद मिळवायला मला तीन टपऱ्या हिंडाव्या लागल्या, म्हणून शेवटी टेस्ट लॅम्प लावून काम केले.

गाडी हिप्परग्याला दहा मिनिटे, पंधरा मिनिटे, वीस मिनिटे उभी करून तपासली. प्रत्येक वेळी पहिल्या किंवा दुसऱ्या किकला सुरू झाली. काकांना कळवले, तर त्यांचे समाधान झाले नाही. “तोच खराब कंडेन्सर परत लावून बघ. बंद पडली, तर खरं. कॉइल बी तू बदललास की, पॉइंट बी घासलास. कशानं बरी झाली, कुणाला म्हाईत?” मला हे पटले, पण आवडले नाही. तरी रविवारी नवा कपॅसिटर सोडवून खराब कंडेन्सर जागेवर बसवला आणि पुन्हा तलावावर गेलो. बाराव्या मिनिटाला गाडी बसली. टपरीवाल्याने मला पाहताच मुलाला किक मारायला पाठवले. त्याला नको म्हणताना मला जरा अवघड वाटले, कारण गाडी मुद्दाम बिघडवून आणली आहे हे त्याला सांगण्याची माझी तयारी नव्हती. अर्ध्या तासाने ती सुरू झाली, घरी आलो आणि कपॅसिटर पुन्हा जोडला. मग जुनी कॉइलही परत लावून पाहिली. तिच्यात काहीच दोष नव्हता.

त्यानंतर जूनच्या पहिल्या पावसात गाडी भिजली आणि तरीही सकाळी सुरू झाली. मंद गतीवर चार्जिंगचा लाल दिवा अजून लुकलुकतो, पण तो वडिलांच्या वेळीही तसाच लुकलुकायचा. सुट्या भागांच्या डब्यात आता दोन कंडेन्सर आहेत. वडिलांच्या वेळचा, वरचा रंग उडालेला, अडीअडचणीला राखून ठेवला आहे. दुसऱ्यावर ‘खराब’ अशी चिठ्ठी चिकटवावी लागली, कारण तो अजूनही अगदी नव्यासारखा दिसतो.